लेफ्ट नी, सेम

‘हाउ आर यू?’ या प्रश्नाला मनापासून उत्तर देणारा माणूस साऱ्या हैदराबादेत एकच होता, आणि तो मलकपेठेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. लिफ्टमध्ये आयटीतल्या एखाद्या मुलाने सवयीने तसं विचारलं, की काका हाताने दार अडवून सांगू लागत, ‘लेफ्ट नी, सेम. राइट नी, बेटर. स्लीप, फोर अवर्स.’ नळाला पाणी किती वाजता आलं, हेही त्यात येई. वरचे लोक बटण दाबून दाबून थकत. बँकेत मॅनेजरने विचारलं, तर काका खुर्ची ओढून बसले आणि मागची रांग जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलली नाही. त्याने पूर्ण विचारलं, मग आपण अर्धं कसं सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

मला याद्या करायची सवय. किराणा, औषधं, सिलिंडरची तारीख, सगळं फ्रिजवर लावलेलं. काकांनाही मी यादी करून दिली: ‘फाइन, थँक यू’, ‘नॉट बॅड’, ‘कान्ट कम्प्लेन’, आणि प्रत्येकापुढे ‘अँड यू?’ शेवटच्या उत्तराशी ते अडले. तक्रार का करता येत नाही, कुणी मनाई केली का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. तरी आठवडाभर बसून पाठ केलं. कॅनडातली आठ वर्षांची नात दर रविवारी फोन करायची. तिला मराठी येत नव्हतं आणि आपल्या इंग्रजीला ती हसू नये, एवढीच त्यांची धडपड.

सोमवारी सकाळी ते यादी घेऊन माझ्या दारात उभे.

“ताई, तुमची उत्तरं लई साफ आहेत. पण मी ‘फाइन’ म्हणलो, तर पोरगी ‘ओके, बाय’ म्हणली. दर रविवारी गुडघ्याचं विचारती. काल विचारलंच नाही.”

त्यांनी यादी नीट घडी करून परत दिली. पुढच्या रविवारी त्यांच्या बंद दारामागून ‘लेफ्ट नी’ ऐकू आलं, आणि मग बराच वेळ बोलणं चालू राहिलं.

गेल्या वर्षी काका नांदेडला भावाकडे राहायला गेले. समोर कुलूप असतं. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, की मी ‘फाइन, अँड यू?’ म्हणते, तोही ‘फाइन’ म्हणतो आणि आमचा मजला येतो. परवा उतरल्यावर दार बंद होऊ लागलं, तसा माझा हात आपोआप पुढे झाला. आतल्या मुलाने चमकून पाहिलं. मी हात मागे घेतला.

डावा गुडघा आता माझाही दुखतो.