दोन मिनिटांचा झेनोवी

युक्रेनमधल्या रोमनी गावात झेनोवी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा आणि त्याची बायको ओरिसिया शाळेत विज्ञान शिकवायची. झेनोवी भारी बोलका. दुकानातून तिला दिवसाला आठ-दहा फोन व्हायचे, तेही कशासाठी, तर समोरच्या छपरावर बगळा बसलाय हे सांगायला.

"अरे, वर्गात आहे मी. तुला काही उद्योग नाही का?" ती वैतागायची.

लढाई पेटली आणि शत्रूच्या ड्रोनचे सिग्नल अडवणाऱ्या तुकडीत पन्नाशीच्या झेनोवीला घेतलं. तिथला पहिला दंडक म्हणजे फोन बंद. फोनची एक लहर सुटली की शत्रूला ठिकाण कळतं, आणि ठिकाण कळलं की तोफगोळा येतो. पंधरवड्यातून एकदा तो आघाडीच्या मागच्या गावात यायचा, तेव्हा तिथल्या लष्करी फोनवरून दोन मिनिटं बोलणं व्हायचं, मग फोन आपोआप तुटायचा. "बरा आहे. तू?" संपलं.

ओरिसिया शाळा सुटल्यावर तिथल्याच कार्यशाळेत सैन्यासाठी अँटेना बनवू लागली. शेजारी बसणारी म्हातारी मेलानिया टोमणा मारायची, "एवढ्या मायेनं तार गुंडाळतेस, जशी काही तुझ्याच नवऱ्याला मिळणार आहे."

"कुणाच्या तरी नवऱ्याला मिळेलच की, मावशी."

आठ महिन्यांनी झेनोवी दहा दिवसांच्या रजेवर आला. आल्या आल्या त्यानं टेबलावरचा तिचा फोन बंद करून टाकला. बटाटे काढले, कुंपण बांधलं, पण बोलला जेमतेम. ओरिसियानं मनात साठवलेलं सगळं तसंच राहिलं.

सातव्या दिवशी तिला राहवेना. "बोल ना काहीतरी. इथं कोण ऐकतंय?"

"कुणी नाही, ठाऊक आहे गं. पण तोंड उघडलं की आतून कुणीतरी म्हणतं, लवकर आटप."

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचा बिघडलेला रेडिओ त्याच्यासमोर ठेवला. त्यानं झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं. "कुठल्या गाढवानं जोडलंय हे?"

"तूच."

तो हसला. मग सुटलेल्या तारांना डाग देता देता बोलत सुटला. तुकडीतला स्वयंपाकी, खंदकातली मांजर, स्वतःला वाटणारी भीती. ओरिसियानं चहा गार होऊ दिला, पण उठली नाही.

तो गेला. पुढच्या पंधरवड्यात फोन आला नाही. त्यापुढच्यात आला.

"बरा आहे. तू?"

"बरी आहे."

सांगायचं कितीतरी होतं. उरलेला वेळ दोघं एकमेकांचा श्वास ऐकत राहिले. फोन कुणीच ठेवला नाही. वेळ संपल्यावर तो आपोआप तुटला.