नाल्याकाठचा पालक

मनकर्णाबाई आमच्या कॉलेजात आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवत होते. रोपं तपासणारी बाई म्हणून माझं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ओच्यातून मुळासकट उपटलेला पालक काढून त्यांनी टेबलावर टाकला आणि म्हणाल्या, "सगीराबाई, माझ्या दिरानं वाफ्यावर तणनाशक मारलंय. तसं लिहून द्या. मी चौकीत जाते."

"तपासल्याशिवाय कसं लिहून देऊ?"

"मग तपासा. मी बसते हितंच."

दीर म्हणजे पुंजाराम. करमाडच्या अलीकडं दोघांची रानं बांधाला बांध लागून होती. नवरा वारल्यावर मनकर्णाबाईंनी आपली वाटणी भांडून घेतली, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं म्हणजे शिव्याच. गावात मनकर्णाबाईंना कुणी चांगलं म्हणत नव्हतं. त्याही कुणाला म्हणत नव्हत्या.

रोपं बघून मला तणनाशकाची शंका आली नाही. पानं पिवळी होती, पण जळालेली नव्हती. मुळं मात्र आखूड, जाड, तपकिरी, टोकाला बोथट झालेली. मी त्यांच्यासोबत रानात गेले. विहीर आटली की सगळे नाल्यातून पाणी उचलायचे. रस्त्यालगत प्लेटिंगचा एक कारखाना होता, तिथं लोखंडाला क्रोमचा नि निकेलचा मुलामा देत. त्याचा पाइप पुंजारामच्या बांधाखालून येऊन नाल्यात सुटला होता. तिथलं पाणी पिवळसर होतं.

मी बाटली भरत असताना पुंजाराम बांधावर येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमचं काय काम हाय हितं? शिकवायचं तर तुमच्या पोरींना शिकवा. पुन्हा रानात पाय ठेवला तर कुत्रं सोडीन."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

प्रयोगशाळेत मी साधी चाचणी लावली. काही पेल्यांत चांगल्या विहिरीचं पाणी, काहींत नाल्याचं, आणि प्रत्येकावर बूड पाण्याला टेकेल असा एकेक कांदा. विहिरीच्या पाण्यात पांढरी लांब मुळं सुटली. नाल्याच्या पाण्यात मुळं जेमतेम निघाली आणि तिथंच थांबली. मग मुळांची टोकं रंगवून, काचेवर चेपून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मनकर्णाबाईंना बोलावलं.

"हे चांगल्या पाण्याचं. एका पेशीच्या दोन होताना आतले धागे बरोबर निम्मे वाटले जातात, दिसतं का? त्या धाग्यांत डीएनए असतो. पेशीनं काय करायचं ते सगळं त्यात."

"दिसतंय. आता दुसरं दावा."

दुसऱ्या काचेवर वाटणी होणाऱ्या पेशी मोजक्याच होत्या. ज्या होत्या त्यांतले धागे तुटलेले, काही एकमेकांना चिकटून ताणलेले. काही तुकडे कुठल्याच बाजूला न जाता मधेच पडलेले.

"हे कशानं?"

"कारखान्याच्या पाण्यातला क्रोम मुळातून पेशीत शिरतो. आत गेल्यावर त्याचं रूप बदलतं, आणि ते बदलताना तो डीएनए तोडतो. तुटका धागा घेऊन पेशी वाढत नाही. वाढलीच तर बिघाड घेऊन वाढते."

त्यांनी पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. "म्हंजी त्यानं तणनाशक मारलं नाय."

"नाही. पण पाइप त्यांच्याच बांधाखालून येतो. त्यांच्या संमतीशिवाय कसा येईल?"

"आन खाणाऱ्याचं काय?"

"थोडा धातू पानांतही चढतो. किती, ते पानं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मी मात्र हा पालक खाणार नाही."

त्या उठल्या. घरी जाऊन त्यांनी सगळे वाफे उपटले आणि खड्डा करून पुरले. पुंजारामची गाडी रोज पालक भरून शहरात जातच होती. आणि मग मनकर्णाबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्यांची जाऊ, पुंजारामची बायको चतुराबाई, घरच्या भाजीला नाल्याकाठी कधीच जात नसे. घरामागं हापशाच्या पाण्यावर तिचे चार वाफे वेगळे होते.

पुंजारामच्या मुलीचा साखरपुडा ठरला. व्याही आप्पासाहेब वैजापूरहून माणसं घेऊन आले. मी तिथं नव्हते, पण पुढचं दोघातिघांकडून ऐकलं आणि सगळ्यांनी सारखंच सांगितलं. पंगत बसल्यावर मनकर्णाबाई न बोलावताच पातेलं घेऊन आल्या आणि पुंजारामच्या ताटात पालकाचं गरगटं वाढलं.

"भावजी, तुमच्याच रानातला हाय. नाल्याकाठचा."

पुंजारामचा हात थांबला. "वैनी, पातेलं उचला."

"एक घास खा. मग उचलते."

"नगं म्हणलं ना."

आप्पासाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "का हो? घरचीच भाजी हाय की."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाजारात रोज गाडी भरून जाती. शहरातल्या लेकरांनी खाल्ली तर चालती, ह्यांच्या ताटात नाय चालत. इचारा त्यांना, पाणी कसलं हाय."

आप्पासाहेबांनी विचारलं. पाणी कारखान्याचं आहे हे पुंजारामला चारचौघांत सांगावं लागलं. आप्पासाहेब ताटावरून उठले. सोयरीक मोडत नाही म्हणाले, पण त्या पाइपाचं तोंड बुजवल्याशिवाय लग्नाची तारीख धरणार नाही.

पुंजारामनं स्वतः पाइप फोडला आणि सिमेंट भरलं. कारखान्याचं पाणी पुढं टँकरनं जाऊ लागलं. कुठं, ते मला कधी कळलं नाही.

गावानं मनकर्णाबाईंना माफ केलं नाही. शुभकार्यात विष कालवणारी बाई म्हणून त्यांच्या रानात मजूर येईनासे झाले. मोटारीची वायर कुणीतरी कापून नेली. चतुराबाई त्यांना बघून रस्ता बदलायची. आणि त्या सगळ्यांना तोंडावर शिव्या देत राहिल्या.

पाइप बंद झाला तरी माती सुधारली नाही. पुढं दोनदा मी तिथल्या मातीच्या अर्कावर कांदे लावले, मुळं खुंटलेलीच निघाली. मनकर्णाबाईंनी नाल्याकाठची आपली पट्टी पडीक टाकली आणि दुसऱ्या गावात खुरपायला जाऊ लागल्या.

एकदा बसस्टँडवर भेटल्या तेव्हा मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

"पोरीचं वाटतं," त्या म्हणाल्या. "तिच्या साखरपुड्याला तिला गोड लागलं नाय. बापाचं काय नाय वाटत."

त्यांची बस लागली होती. दारात गर्दी करणाऱ्यांना कोपरानं ढकलत त्या आत चढल्या.