आमचा ऑर्केस्ट्रा आणि समोरची मंडळी

ऑर्केस्ट्रा बंद पडून जमाना झाला. तरी आम्ही जुने वाजवणारे एकत्र बसलो की सुरांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कोणती धून कोणत्या पट्टीत होती, देव जाणे! आठवतात ते समोर बसलेले लोक. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याचा जिभेवर तयारच असतो. चहा गार होतो, घरून बोलावणं येतं, पण किस्से काही आटपत नाहीत.

साठ सालाच्या पुढेमागे आम्ही दहा-बारा जणांनी यवतमाळात हा ऑर्केस्ट्रा काढला. कंडक्टर बापूराव. मिलिटरी बँडमध्ये शिकलेले, त्यामुळे शिस्त कडक. त्यांना एकच ध्यास होता : गावोगाव, उघड्या मैदानात, लोकांना अस्सल वाद्यसंगीत ऐकवायचं. मी अकॉर्डियनवर होतो.

पहिला प्रोग्रॅम बाभुळगावला, शाळेच्या पटांगणात. बापूराव लोकांकडे पाठ करून उभे, हातात त्यांची बारीक काडी. पहिली धून संपली तसं पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"हा मधातला माणूस काही वाजवत तं नाही. नुसता हात हालवते. ह्याले कायले आणला?"

"आजोबा, ते आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवतात. कोणी चुकू नये म्हणून."

"हां! म्हणजे मुकादम!"

म्हाताऱ्याचं समाधान झालं. पुढच्या दोन धुना तो डोळे बारीक करून बापूरावांच्या काडीकडेच पाहत राहिला. आणि मग भर मैदानात ओरडला, "कवापासून काडी उगारून राह्यला, पण एकालेही मारली नाही! कसला मुकादम हा?"

त्या दिवसापासून बापूराव आमचे 'मुकादम' झाले. त्यांच्या माघारी, अर्थात!

*

फुलसावंगीला बाजाराच्या दिवशी वाजवलं. सौदे आटपलेली मंडळी तिथंच पोत्यांवर बसली होती. एक लोहार गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापुढे येऊन उकिडवा बसला. मी अकॉर्डियन ताणलं की त्याचे डोळे मोठे, मिटलं की बारीक. असा चाहता कुठं मिळतो? मी त्या दिवशी जीव ओतून वाजवलं.

संपल्यावर त्यानं अकॉर्डियनच्या घड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भाता झकास हाय, भाऊ. पण भट्टी कोठी?"

*

गजाननकडे पितळेच्या मोठ्या झांजा होत्या. बापूरावांची एक लांबलचक धून होती, त्यात त्याला अगदी शेवटी एकच ठोका. तोवर बिचारा झांजा मांडीला लावून नुसता उभा.

एका गावी पाटलांकडे जेवण होतं. पाटलीणकाकू स्वतः वाढत होत्या. गजाननच्या ताटापुढे आल्या आणि थबकल्या.

"तुम्ही एकदाच वाजवलं ना जी?"

"हो, काकू."

काकूंनी एक पोळी वाढली आणि पुढे गेल्या!

दुसऱ्या गावी तीच धून. पहिल्या सुरापासून गजाननचा दणदणाट सुरू! बापूरावांनी डोळे वटारले, काडी दाखवली. गडी ऐकेना. शेवटी ते दात-ओठ खात म्हणाले, "अरे, थांब ना!"

गजानन वाजवता वाजवताच म्हणाला, "साहेब, आज पुरणपोळी आहे!"

*

अशी दाद ऐकून ऐकून बापूराव मात्र मनातून खचले होते. "बस झालं. ठरलेला एवढा एक प्रोग्रॅम करू आणि गाशा गुंडाळू," असं त्यांनी आम्हाला सांगून टाकलं. तो प्रोग्रॅम होता पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावर.

तिथं त्यांनी स्वतः रचलेली एक संथ, उदास धून घेतली. आम्हीही जपून वाजवत होतो. म्हटलं, शेवटची आहे. अर्धी झाली असेल-नसेल, मागच्या बाया उठल्या. घागऱ्यांवरचे आरसे चमकले, गोल धरला गेला, आणि आमच्या धुनेवर त्यांनी त्यांचं गाणं सुरू केलं! ठेकाही त्यांचा, चालही त्यांची. बापूरावांची काडी आधी अडली, मग चिडली, मग मुकाट बायांच्या मागे धावू लागली. संपलं तेव्हा सगळे घामाघूम.

तांड्याचे नायक स्टेजजवळ आले. बापूरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, तुमची पार्टी चांगली हाय. आधी जराशी कच्ची होती, पण आमच्या बायांनी सांभाळून घेतली!"

बापूरावांना पोट धरून हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. परतीच्या वाटेवर त्यांनीच विचारलं, "पुढचा प्रोग्रॅम कुठं घ्यायचा?"

*

तो झाला पुसदला, आणि हा किस्सा माझा आहे.

मी स्टेजच्या एका टोकाला होतो. दुसऱ्या टोकाला बासरीवाला मधुकर. गोरापान, कुरळ्या केसांचा. इंटरव्हलमध्ये धोतर-टोपीतले एक गृहस्थ स्टेजवर चढले. लोकांकडे तोंड करून उभे राहिले, आपल्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं आणि त्या बाजूनं सरळ माझ्यापुढे आले. मी नमस्कार करून विचारलं, "आवडलं का वाजवणं?"

"ते ठीक हाय. पण हे झालं संध्याकाळचं. दिवसा काय करता?"

"शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे."

"मंग जमते!" म्हणाले, आणि नाव-गाव विचारून खाली उतरले.

थोड्याच दिवसांत त्यांच्याकडची माणसं घरी आली, बोलणी झाली, आणि त्यांची लेक माझी बायको झाली. संसार छान सुरू झाला. एका दुपारी चहा घेताना मी जरा ऐटीतच तिला म्हणालो, "त्या दिवशी माझं अकॉर्डियन ऐकूनच पसंत केलंस ना मला?"

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसू आवरल्यावर म्हणाली, "मी खाली लोकांत बसून आईले म्हटलं होतं, डावीकडचा. आईनं बाबाले सांगितलं. अन् बाबा स्टेजवर चढून डावीकडचा पाहून आले!"