पहिला घोट

काचीगुड्याला स्टेशनामागे आमची दूधवाली मावशी राहते. तिच्या चार म्हशी आहेत. म्हशीला कसलंही औषध पाजायचं तर पहिला घोट ती स्वतः घेते. "मुकं जनावर हाय. न चाखता कसं द्यावं?" असं ती आम्हालाच दटावते.

परवा एका म्हशीचं पोट फुगलं. मावशीनं ओवा-हिंग वाटून तेलात कालवला, बांबूच्या नळीत भरला. एवढ्यात शेजाऱ्यानं बोलावलेला गुरांचा डॉक्टर इंजेक्शन घेऊन आला.

"मावशी, असलं काही पाजू नका."

तिनं त्याच्यादेखत घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं.

"मी पिले. आता तुमची सुई आधी तुम्ही टोचून घ्या."

डॉक्टरनं सुई मागे घेतली.

"नक्को ना? मग शिंगं धरा."

त्यानं मुकाट्यानं धरली.