नरू बोटांनी वाजवायचा

माझा धाकटा भाऊ नरेंद्र. घरात नरू. येत्या आषाढात त्याला जाऊन वरीस होईल. पौर्णिमा, म्हणजे त्याची बायको, बोलली दादा वर्षाच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर फोटो आणि दोन ओळी येतील, बाकी तुमी लिवा, तुमालाच जास्त माहीत. मी पाचवी शिकलेला माणूस, तोंडात येतंय तसं मोबाईलवर टाकतोय. आणि मला जास्त माहीत हाय हेच तर वाईट हाय.

आमी शहापूरकडल्या शेणव्याचे. वडील खर्डीला रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासत चालायचे, नरू सात वर्षांचा असताना गेले. मी शेती धरली, त्याला शिकवला. बारावी झाला, मग मुरबाडला कंपनीत पॅकिंगला लागला. सकाळची एसटी, नाय मिळाली तर जीप. अठरा वर्सं एकच काम, खोक्याला पट्टी मारायची. कोणाला उलटून बोलला नाय. काय मागितलं पण नाय कधी, ना आईकडं ना माझ्याकडं.

पहिल्यांदा जीव अडकला तो गिटारमधी. कंपनीच्या ऑफिसात हेतल मॅडम होती, ती लग्न होऊन चालली होती, तिची जुनी गिटार कपाटामागं पडलेली. यानं विचारलं, मॅडम मी नेऊ का? चौतिसाव्या वर्षी. एसटीत मांडीवर घेऊन आला तर कंडक्टर बोलला, ह्या बाळाचं अर्धं तिकीट काढू का रे. घरी येऊन ते सांगताना नरू एवढा हसला, मी त्याला तसा हसताना परत बघितला नाय.

शिकवणारा कोण नव्हता. मोबाईलवर बघायचा. पहिलं शिकला ते सगळ्या तारांवरनं हात फिरवायचं. त्याला स्ट्रमिंग बोलतात. जुन्या पासाचं कार्ड कापून त्याचा तुकडा केला आणि त्यानं वर-खाली, वर-खाली. तारा दाबून दाबून डाव्या हाताची बोटं सोलून निघाली, त्याला हळद लावून कंपनीत जायचा. तीन महिन्यांत दोन गाणी बसवली.

आमची गावात गायन पार्टी हाय. बुद्धविहारात, जयंतीला, कोण गेलं की त्याच्या जलदानाला, पुण्यानुमोदनाला आमी गातो. महिपत गातो आणि पेटी धरतो, बारकू झांज, ढोलकी माझी. नरूला मीच घेतला पार्टीत. महिपत त्याला बोलायचा, "झोड नरू झोड, भात झोडतोस तसा झोड!" नरू झोडायचा. लोकांना बरं वाटायचं, गावात गिटारवाला म्हणून. मला पण वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण त्याचं मन त्याच्यात नव्हतं. वर्षभरानं त्यानं ते कार्ड टाकून दिलं आणि बोटांनी वाजवायला लागला. मी विचारलं हे काय नवीन. मला हात धरून दाखवलं त्यानं. अंगठा वरच्या तीन जाड तारांना, तीन बोटं खालच्या तीन बारीक तारांना, करंगळीला काम नाय. एक एक तार सुटी उचलायची.

"दादा, ते झोडणं हाय. हे वेचणं हाय."

मी बोललो, "वेचून पोट भरतं का रे?"

तो परत एक एक तार वेचायला लागला.

खूप कठीण जायचं त्याला. अंगठा चालला की बोटं थांबायची, बोटं चालली की अंगठा. पौर्णिमा सांगते, जेवताना पण ताटाच्या काठावर बोटं चालायची, आणि पोरगी संघरत्ना त्याची नक्कल करायची. सहा महिने तसं. मग स्वतःचं एक गाणं केलं. वडिलांवर केलं. मला बोलला, "बुद्ध पौर्णिमेला विहारात मी एकटा गाणं बोलणार. ढोलकी नको, पेटी नको. लोकांनी एकदा शांत बसून ऐकावं, बस. दुसरं काय नको मला."

मी बोललो, बोल की.

बुद्ध पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटायची होती. नरू पुढं बसला. माईक एकच, तो यानं तोंडाला घेतला, गिटारला कुठनं येणार? वर पंखे गरगरत होते. पोरं खिरीच्या टोपाभोवती. बायका बोलत होत्या. नरूची बोटं हलताना दिसत होती, पण मागं काय ऐकू जात नव्हतं. गाणं पण तो बारीक आवाजात बोलत होता.

महिपत बोलला, "अरं नरू, तार तुटली का?"

लोक हसले. अंबूबाई, आमच्या शेजारची, ती बोलली, "गिटारला ताप आलाय वाटतं. खीर पाजा तिला."

परत हसले. नरूनं मान वर नाय केली, वाजवतच होता. माझा भाऊ हाय, सगळा गाव हसतोय. मला दुसरं काय सुचलं नाय. मी ढोलकी ओढली आणि ठेका धरला. बारकूनं झांज घेतली. लोकांनी टाळ्या धरल्या. नरूनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग सगळ्या तारांवरनं हात फिरवायला लागला. झोडायला. महिपतनं आपलंच गाणं सुरू केलं. विहार नुसता दणाणला.

मला वाटलं मी वाचवला त्याला.

घरी जाताना बोलला, "दादा, तू मधी कशाला आलास?"

"तुझी लाज राखली रे. लोक हसत होते."

"हसू दे ना. हसून थांबले असते. वेचण्याचा आवाज बारीकच असतो दादा, ऐकायला थांबावं लागतं."

"पार्टीत असं नाय चालत. एकजण पडला की बाकीच्यांनी उचलायचा."

"मी पडलो नव्हतो," बोलला. त्यानंतर पार्टीत आला, पण कार्डाचा तुकडा घेऊन आला. महिपत बोलला, आला लायनीवर. मी पण तेच समजलो.

घरी मात्र तो बोटांनीच वाजवायचा. ते मला नखांवरनं कळलं. उजव्या हाताची नखं वाढवलेली. नखानं तार उचलली की आवाज लांब जातो, असं त्यानं मोबाईलवर बघितलं होतं. त्याला परत बसायचं होतं विहारात, पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला की. पौर्णिमाला बोलला होता. मला नाय बोलला.

आषाढात भाताची लावणी लागली. आमच्यात एकमेकांच्या शेतावर जायचं असतं, आज माझं, उद्या अंबूबाईचं. नरूनं कंपनीतनं चार दिवस सुट्टी काढली, दर वर्षी काढायचा. पण आवण, म्हणजे लावायची रोपं, उपटायला बसेना. बोलला, मी रोपांच्या मुठी वाहतो, चिखलणी करतो, उपटायचं तेवढं नको. भाताची रोपं उपटायची तर बोटं मुळांत घालावी लागतात, एका दिवसात नख राहत नाय.

अंबूबाईनं हात बघितला. "अगो बाय, नरूची नखं बघा गो! नेलपॉलिश आणू का रे शहापूरवरनं?"

"लाल आण, काकी," नरू बोलला. मस्करीत घालवत होता.

बायका हसायला लागल्या. परत तेच, गाव हसतोय. मला राग आला. मी बोललो, सगळ्यांसमोर बोललो, "नखं जपायची असतील तर भात पण गिटारमधनंच काढ. माझ्या शेतात नको."

माझं शेत बोललो मी. शेत दोघांचं हाय.

तो बांधावर गेला. खताच्या गोणी कापायला ब्लेड ठेवलेलं होतं, त्यानं एक एक नख कापलं. मी बघत होतो. अंगठ्याचं कापताना ब्लेड आत गेलं, रक्त आलं. तोंडात धरला अंगठा, थुंकला, आणि चिखलात येऊन बसला. संध्याकाळपर्यंत उपटलं. सगळ्यात जास्त मुठी त्याच्या होत्या.

आठव्या-नवव्या दिवशी ताप आला. पोटऱ्या दुखतात बोलला. डोळे लाल. पौर्णिमा बोलली, दादा शहापूरला नेऊ या. मी बोललो, लावणीचा ताप हाय गो, सगळ्यांचंच अंग दुखतं, गोळी दे. मेडिकलमधनं गोळ्या मीच आणल्या. दोन दिवस मी तिला गप केली. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली तेव्हा जीप केली. शहापूरवरनं पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवला. तिथल्या डॉक्टरनं सगळं केलं, त्यांना दोष नाय. लेप्टो बोलले, शेतातल्या पाण्यातनं होतो. विचारलं, हाताला पायाला जखम होती का?

पौर्णिमा बोलली, अंगठा कापला होता.

मी विचारलं, साहेब रोग त्याच्यातनंच आत गेला का? ते बोलले असं नाय सांगता येत, पायाच्या भेगांतनं पण जातो, सगळेच चिखलात असतात. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, हे मात्र बोलले.

दवाखान्यातच चौथ्या दिवशी गेला नरू. शेवटी शुद्ध नव्हती, मला काय बोलायचं ते राहिलं. आई अजून विचारते, रामा, नखं कापल्यानं माणूस मरतो का रे.

त्याच्या जलदानाला विहारात पार्टी आली. आमचीच पार्टी. महिपत रडत रडत गायला. मला ढोलकी दिली, मी हात नाय लावला. महिपत बोलला, "रामा, तुझ्या ठेक्याशिवाय कसं बोलू?" मी बोललो, "तसंच बोल." तो दोन ओळी बोलला आणि पेटी बंद केली. मग सगळे तसेच बसून राहिले. एवढा शांत विहार मी कधी बघितला नाय. तसं शांत त्याला एकदाच पायजे होतं.

पार्टी तेव्हापासून मी सोडली. ते बोलवायला येतात, मी जात नाय.

आता पंधरा दिवसांमागं पौर्णिमा बॅनरसाठी फोटो शोधत होती, त्याच्या मोबाईलमधी वाजवलेलं सापडलं. एकोणीस ऑडिओ सापडले. तिला ऐकवत नाय, मला दिला मोबाईल. मी एक एक ऐकला. बरेचसे दहा-दहा सेकंदांचे, चुकला की बंद केलेले. "श्या," बोलतो आणि बंद. गाण्याचा एकच हाय, लावणीच्या आधीचा. त्यात चुकत नाय. अंगठा चालतो, बोटं चालतात, दोन माणसं वाजवतात असं वाटतं. मला माहीतच नव्हतं हे असं असतं. मग बोलतो,

चालत गेला बाप माझा, पाठी रूळ राहिला

आणि तेवढ्यात बाहेरनं माझा आवाज येतो. "नरू, हायस का घरात?" बोटं थांबतात. मग कार्डाचा तुकडा घेतल्याचा आवाज, आणि तो झोडायला लागतो, जोरात, मला पायजे तसं. मी आत येतो. "हां, असं वाजव," बोलतो मी.

पुढची ओळ काय होती ते पौर्णिमाला विचारलं. तिला माहीत नाय. वहीत लिवलेलं नाय. महिपतला, बारकूला विचारलं, तेव्हा विहारात ते पुढंच बसले होते. दोघं बोलले, आमाला तुझी ढोलकीच ऐकू आली.