दिल्ली ते उदगीर, नकाशावरच्या दोऱ्यानं

दिल्लीहून नांदेडला विमानानं दोन तासांत येता येतं, हा शोध आमच्या घरात मी लावला. (विमानवाल्यांनाही तो आधीच लागला होता, हे मागाहून कळलं.)

पुतणीचं लग्न उदगीरला, नवरदेव नोकरीला दिल्लीत. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, म्हणत होते, जावई आदल्या दिवशीच रेल्वेनं येऊ दे. मी पोरांचा नकाशा काढला आणि दिल्लीपासून नांदेडपर्यंत दोरा ताणला.

"बघा! ना घाट, ना फाटक, ना चहाची टपरी! सकाळी उडला की दुपारच्या अक्षतेला हजर!"

"आन् न्हाई पोचला तर? त्याची आजी मुहूर्त टळला तर लगीन मोडीन म्हणून बसलीय!"

"माझ्यावर सोडा, अण्णा!"

अण्णांनी सोडलं. इथंच चुकलं त्यांचं!

विमान वेळेच्या आधी उतरलं! मी नवरदेवाला विमानतळाबाहेरच फेटा बांधला आणि जीप हाणली. जळकोटच्या पुढं रस्त्यावर बैलगाड्या आडव्या! उदगीर जिल्हा व्हावा म्हणून रास्ता रोको.

"सोडा रे, नवरदेव हाय!"

"काका, परवा सभेत तुमीच म्हणलाव की, सख्खा भाऊ आला तरी सोडू नका!"

(त्या वाक्याला लई टाळ्या पडल्या होत्या.)

"अरे, मीच आता सोडा म्हणून राहिलो ना!"

"मग जिल्हा करा, सोडतो!"

जिल्हा काय माझ्या खिशात होता? नवरदेव घड्याळ बघू लागला. तेवढ्यात मागून पाण्याचा टँकर आला आणि बैलगाड्या मुकाट बाजूला झाल्या. दुष्काळात टँकर अडवील असा माईचा लाल आमच्याकडं जन्मलेला नाही! टँकर उदगीरचाच होता; जीपला मात्र वाट देईनात, म्हणून ती तिथंच सोडली. ड्रायव्हरशेजारी आधीच तिघं कोंबलेले, म्हणून आम्ही दोघं टाकीवर चढलो.

मांडवापुढं पोचलो तेव्हा मुहूर्त टळला नव्हता. मी वरूनच ओरडलो, "आला! नवरदेव आला!"

"टँकर आला!" म्हणत अख्खा मांडव उठला. आचारी पळाला, वाजंत्री पळाले, लग्न लावणारे स्वामी तांब्या घेऊन निघाले. नवरदेवाकडं कुणी बघेना. एक बाई खालून खेकसली, "ए फेटेवाल्या, पाइप सोड की खाली!"

बिचाऱ्यानं सोडला.

"अहो, मुहूर्त!" अण्णा रडकुंडीला आले. रांगेत सगळ्यांत पुढं नवरदेवाची आजी! लातूरहून येतानाच तिनं जीपमध्ये रिकाम्या घागरी घालून आणल्या होत्या.

"मुहूर्त काय, पुढचा बी निघंल," ती म्हणाली. "पाणी निघंल का?"

अण्णांचा जीव भांड्यात पडला. टाकी रिकामी झाली, मग लग्न लागलं, आणि झकास लागलं म्हणतात. म्हणतात, कारण मी बघितलंच नाही. भरलेल्या घागरी राखायला आजीला माणूस हवा होता आणि अण्णांनी लगेच माझं नाव सुचवलं. म्हणाले, "ह्याच्यावर सोडा. फक्त त्याच्या हातात दोरा देऊ नका!"