कुलूपबाईंचा नियम

माझी थोरली बहीण कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलची रेक्टर. मुली तिला पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणतात. मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसते, त्यामुळे सगळं माझ्या कानावर येतं. ताई लहानपणापासून आपलंच घोडं पुढे दामटणारी. तिला काही सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

पण पंख्यावरून, दिव्यावरून, खिडकीवरून मुलींची रोजची कचकच मोडून काढली ती तिनेच. होस्टेलच्या हॉलमध्ये समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि नियम केला: दोघींनी आधी समोरचीचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. समोरची ‘हो, हेच’ म्हणाली, तरच आपलं बोलायचं. मी हसले होते. म्हटलं, असली थेरं किती दिवस चालणार? पण एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या मुली एका ताटात जेवायला लागल्या. मानावंच लागलं.

परवा विषय निघाला फाटकाचा. लायब्ररी उशिरापर्यंत उघडी आणि होस्टेलचं फाटक दिवेलागणीला बंद, हे मुलींना नको होतं. मीही मागे जाऊन बसले. एका खुर्चीत ताई. दुसरीत कोण बसतंय म्हणून बघते, तर माझी भाची. ताईची एकुलती एक लेक, याच कॉलेजात शिकणारी आणि फाटकाच्या आत तिच्याच क्वार्टरमध्ये राहणारी. मी हबकलेच. ताईचा चेहरा पांढरा पडला.

“रेक्टरमॅडमना आमच्या सुरक्षिततेची काळजी वाटते,” भाची म्हणाली.

“अपुरं आहे,” ताई म्हणाली.

“काही झालं तर पालक त्यांनाच जाब विचारतील.”

“अपुरं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आपण ‘हो’ म्हणायचंच नाही, म्हणजे पोरीवर बोलायची पाळीच येणार नाही. स्वतःच केलेल्या नियमात ही पळवाट? मी दोन शब्द सुनवायला उठणारच होते.

भाची आईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी बाहेर पडले की परत येणार नाही, अशी आईला भीती वाटते. एकट्या लेकीला कोंडायची लाज वाटते, म्हणून ती सगळ्या होस्टेलला कुलूप लावते.”

एवढ्या मुलींच्या देखत आईला असं बोलायचं? आता ताई उठून कानाखाली वाजवणार, याची मला खात्रीच होती.

ताई मांडीवरच्या किल्ल्या चाचपत राहिली. “हो,” ती म्हणाली. “हेच.”

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. उभ्या जन्मात मी तिला असं कबूल करताना पाहिलं नव्हतं.

“मॅडम, आता तुमची पाळी,” मागून एक मुलगी म्हणाली.

ताईने घसा खाकरला. “हिला लायब्ररीत बसायचंय.”

“अपुरं,” भाची म्हणाली.

“मैत्रिणींबरोबर हिंडायचंय.”

“नाही.”

“हिला माझा कंटाळा आलाय.”

भाचीचे डोळे भरून आले. “नाही गं, आई.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? रोज समोर दिसणारी पोर, पण तिच्या मनात काय आहे ते मला तरी कुठे माहीत होतं?

बाहेर दिवे लागले. वॉचमन दारात येऊन उभा राहिला. “मॅडम, फाटकाची वेळ झाली. किल्ली देता?”

ताईने मागे वळूनही पाहिलं नाही.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “मला अजून माझ्या लेकीचं म्हणणं सांगता येत नाहीये.”